चमकीची बाजू

"चेहरा केवढा येईल?" नानांनी विचारलं.

"परातीएवढा."

"घरातली परात की लग्नातली?"

"घरातली."

"मग नको. मोठा करा."

"नाना, अहो खिडकी केवढी आहे ते तरी बघा," पद्मजा म्हणाली.

"खिडकी मोठी करू. भिंत आपलीच आहे."

हे सगळं माझ्या सांगलीतल्या शेडमध्ये चाललं होतं. सतरा-अठरा वर्षं झाली असतील, जानेवारीचा महिना होता. मी तेव्हा रंगीत काचांच्या खिडक्या करायची. आता बोटं वळत नाहीत. मुंबईत एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली चर्चच्या खिडक्या दुरुस्त करत शिकले, आणि सासर सांगलीचं म्हणून धंदा सांगलीत थाटला. हेमलता दाभोळे हे नाव लायसन्सवर होतं, गावाला मी काचवाल्या बाई. कामाला मी चांगली आणि तोंडाला वाईट, दोन्ही गोष्टी गावात सारख्याच माहीत होत्या.

माझ्यापुढं बसलेले भुजंगराव शिंत्रे म्हणजे नाना, मिरजेचे, रेल्वेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेले. पद्मजा त्यांची एकुलती एक मुलगी, शाळेत गणित शिकवायची. लग्न केलेलं नव्हतं. घरात बापलेक दोघंच. बोलताना नाना माझ्याकडे बघतच नव्हते. मान वळवून शेडच्या पत्र्याकडे बघत होते. मला आधी राग आला. मग कळलं की त्यांना मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. कोंबडी बघते तसे ते मला एका बाजूनं बघत होते.

"डोळ्यांचा मागचा पडदा गेलाय," पद्मजानं सांगितलं. "डॉक्टर म्हणतात, कडेचं आहे तेही सहा-आठ महिन्यांचं."

"त्याच्या आत मला हिची आई बघायची आहे," नाना म्हणाले.

पद्मजानं पिशवीतून एक फोटो काढला. पोस्टकार्डाच्या निम्मा, पिवळा पडलेला. पंचवीस-सव्वीस वर्षांची बाई, मधोमध भांग, दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटलेला पदर, नाकात चमकी. डोळे मोठे, आणि फोटोग्राफरवर जरा रागावल्यासारखे.

"एवढा एकच आहे," पद्मजा म्हणाली. "बाकीचे ट्रंकेत होते, ट्रंक पुरात गेली. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची. मला काहीसुद्धा आठवत नाही."

"मला हा फोटो दिसत नाही," नाना म्हणाले. "नाकाला लावला तरी नुसता तपकिरी डाग दिसतो. पण मिरजेत स्टँडसमोर ती दिव्याची जाहिरात आहे ना, टूथपेस्टची? आतून उजेड असलेली? त्यातली बाई मला दिसली. दात मोजले मी तिचे."

"मग तसाच दिवा लावून फोटो मोठा करून घ्या," मी म्हटलं. "माझ्यापेक्षा लवकर होईल."

"केला करून," पद्मजा म्हणाली. "मोठा केला की नुसते ठिपके येतात. चेहराच राहत नाही."

"आणि घरात मला जाहिरात नको," नाना म्हणाले. "माझी खाट आहे तिच्यासमोर पूर्वेची भिंत आहे. तिथं खिडकी पाडतो. सकाळी ऊन आलं की ती दिसली पाहिजे. बाई, आता खरं सांगा. मला दिसेल का?"

मी कुणाला उगाच आशा लावत नाही. पण मोठा चेहरा, जाड रेषा, पाठीमागून ऊन, हे जमण्यासारखं होतं. मी म्हटलं, "दिसेल. ओळखू येईल की नाही ते माझ्या हातावर."

"ओळखायचं काम माझं. ती कशी दिसायची हे सांगू शकणारा आता मी एकटाच उरलोय," ते म्हणाले. मग उठता उठता म्हणाले, "अंबूची चमकी विसरू नका. पांढऱ्या खड्याची. तिच्या आईची होती."

मी म्हटलं, "चमकी मला शिकवू नका नाना, मी बाईमाणूस आहे."

आता इथं एक जुनी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. या कामात सगळ्यात सोपी चूक म्हणजे चित्र उलटं होणं. खाका पातळ कागदावर असतो, काच आरपार असते, सगळं दोन्ही बाजूंनी दिसतं. कागद एकदा चुकून पालथा पडला की डाव्याचं उजवं होतं आणि काम पुरं होईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. नानांच्या आधी दोन वर्षं, जयसिंगपूरच्या एका घरासाठी मी गणपतीची खिडकी केली होती. करायला गेले गणपती आणि झाला मारुती म्हणतात, तसं नव्हे. झाला गणपतीच, पण उजव्या सोंडेचा! घरातली म्हातारी दारातच उभी राहून म्हणाली, "बाई, याचं सोवळं कोण पाळणार? घेऊन जा." मी सांगितलं, फिरवून बसवते, डाव्या सोंडेचा होईल. ती म्हणाली, देव काय फिरवाफिरवीचा आहे? खिडकी परत आली. पुढं वर्षभर सांगलीत कुणी ना कुणी मला विचारायचं, "काय काचवाल्या बाई, सोंड कुठल्या बाजूला?"

तेव्हापासून माझं दुधानं तोंड पोळलेलं. ताकसुद्धा फुंकून पीत होते. कुठलंही चित्र आलं की आधी बघायचं, सुलट आहे ना? सदऱ्याचा खिसा डावीकडे आहे का, पदर डाव्या खांद्यावर आहे का. जुन्या स्टुडिओवाल्यांच्या हातून निगेटिव्ह पालथी पडून फोटो उलटे छापले जायचे, असे मी स्वतः तीन-चार पाहिलेले होते.

म्हणून अंबूबाईंचा फोटोही मी तसाच तपासला. भांग मधोमध, त्यावरून काही कळेना. पदर दोन्ही खांद्यांवर, तिथंही काही नाही. राहिली चमकी. ती उजव्या नाकपुडीत होती.

मी आरशात बघितलं. माझी डावीकडे. माझ्या आईची डावीकडे, सासूची डावीकडे, शेजारच्या मुल्लाण्यांच्या सुनेची डावीकडे. लग्नात नथ डावीकडे. उजवीकडे चमकी घातलेली बाई मी जन्मात पाहिली नव्हती. फोटो उलटा छापलाय, हे मला लख्ख दिसलं. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. दुसरा कुणी असता तर तसाच काढून बसला असता, असं मी शेडमध्ये एकटीच मोठ्यानं म्हटल्याचं आठवतंय. फोटोवरून उतरवलेला पातळ कागद मी पालथा केला आणि त्यावरून मोठा खाका काढला.

मिरजेला एक फोन केला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. पण जे आपल्याला ठाऊक आहे ते विचारायला कोण फोन करतं?

चेहऱ्यावर मी पाच आठवडे घालवले. चेहरा अंगाच्या रंगाच्या एकाच काचेवर काढायचा, गेरूसारख्या काळपट रंगानं, आणि मग ती काच भट्टीत भाजायची. भाजल्यावर रंग काचेचाच होतो, पुसता येत नाही. दोनदा बिघडला, दोनदा पहिल्यापासून केला. डोळे मी रागावलेलेच ठेवले. चमकीसाठी रंग सुकल्यावर सुईनं एक ठिपका खरवडून काढला, म्हणजे तिथून कोरा उजेड येईल. आजूबाजूला लाल, मोरपंखी काचा, सगळ्या शिशाच्या पट्ट्यांत बसवून सांधे झाळले. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात खिडकी घेऊन मी आणि माझे सुतार इलाहीभाई टेम्पोनं मिरजेला गेलो.

सकाळी आठची वेळ होती. इलाहीभाईंनी चौकटीत खिडकी बसवली, बाहेरच्या बाजूनं पावसासाठी साधी काच लावली आणि बाजूला झाले. खोलीत रंग पसरला. नानांच्या धोतरावर लाल पडला. पद्मजानं तोंडावर हात ठेवला. तिनं आईला एवढी मोठी कधी बघितलीच नव्हती.

नाना खाटेवर बसलेले होते. त्यांनी मान आधी डावीकडे वळवली, मग उजवीकडे. मग खाली वाकून, मग पार दाराकडे तोंड करून. असं बराच वेळ.

"डोळे तिचे आहेत," ते म्हणाले. "अगदी तिचे. बाप रे."

पद्मजा रडायला लागली. मला हुश्श झालं. इलाहीभाईंनी "माशाल्ला" म्हटलं आणि हत्यारं गोळा करायला घेतली.

"पण काहीतरी बिघडलंय," नाना म्हणाले.

"काय?"

"चमकी. तो पांढरा ठिपका चमकीचाच ना? तो तिकडं कसा गेला? तिची उजवीकडे होती." त्यांनी आपल्या उजव्या नाकपुडीवर बोट ठेवलं. "इथं. आणि ही भुवई. मी खोटं बोललो की तिची एक भुवई वर जायची. तीपण इकडची तिकडं गेलीय. बाई, ही तीच आहे आणि ही ती नाही."

"समोरच्या माणसाचं डावं-उजवं आपल्याला उलटं वाटतं, नाना," मी म्हटलं.

"मला सांगू नका. तीस वर्षं डब्यांची चाकं तपासली मी. डावं कुठलं, उजवं कुठलं, दोन्ही बाजूंनी उभं राहून सांगतो."

आता मात्र मला राग आला. पाच आठवडे, दोनदा बिघडलेली काच, आणि वर माझं डोकं लढवून मी यांचा फोटो सुलटा केलेला! मी त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. फोटो उलटा छापलेला होता, निगेटिव्ह पालथी पडली की असं होतं, मी चमकीवरून ओळखलं, म्हणून फिरवून घेतला. आता दिसतेय ती खरी.

"फोटो उलटा होता?" नानांनी विचारलं.

"होय."

"पण मला तर आठवतंय..."

आणि तेव्हा मी ते वाक्य बोलले. हळू बोलले, समजुतीनं बोलले, त्यामुळं ते जास्तच लागलं असणार. मी म्हटलं, "नाना, वहिनी जाऊन चाळीस वर्षं झाली. त्यांना तुम्ही सहा वर्षं बघितलंत आणि हा उलटा फोटो चाळीस वर्षं. तुम्हाला आता आठवतंय तो फोटो. वहिनी नव्हेत."

नानांनी तोंड उघडलं होतं ते मिटलं. पद्मजा म्हणाली, "असेल हो नाना. ताईंना अनुभव आहे यातला."

"असेल," नाना म्हणाले. "डोळे गेले, आता हेही जायचंच."

पद्मजानं पोहे केले होते. मी खाल्ले, दोनदा घेतले. टेम्पोत बसल्यावर इलाहीभाई म्हणाले, "बाई, म्हातारा नाराज दिसला." मी म्हटलं, "सवय होईल."

जुलैत माझा हात कापला. काच मोडताना तुकडा निसटून तळहातात घुसला. मिरजेच्या दवाखान्यात टाके घालायला गेले. टाके झाल्यावर नर्स पट्टी बांधत होती. काळीसावळी, चटपटीत पोरगी, माझ्या हातावर वाकलेली. तिचं नाक माझ्यापासून वीतभर अंतरावर होतं. चमकी उजवीकडे.

"अगं, तुझी चमकी उजवीकडे कशी?" मी विचारलं.

"आमच्याकडं अशीच असते, अम्मा."

"तुमच्याकडं म्हणजे?"

"सेलम. तमिळनाडू. माझ्या आईची, अक्काची, सगळ्यांची उजवीकडंच. तुमच्या इथं सगळ्या उलट्या बाजूला घालतात," ती हसून म्हणाली. "हात हलवू नका."

पट्टी पुरी होताच मी उठले.

दवाखान्याच्या बाहेर येऊन मी पद्मजाला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून विचारलं, "तुमच्या आई मूळच्या कुठल्या हो?"

"आई? अर्कोणमची, मद्रासकडची. नानांची नोकरी होती ना तिथं, घरमालकाची मुलगी. अंबुजम नाव तिचं. इकडं सगळे अंबू म्हणायला लागले. का हो?"

"काही नाही, सहज." मग मी विचारलं, "नाना कसे आहेत?"

"आता उजेडसुद्धा नीट कळत नाही. तरी सकाळी खिडकीकडे तोंड करून बसतात. पण ताई, पूर्वी आईबद्दल किती बोलायचे! जेवताना रोज काहीतरी असायचंच. आता विचारलं तर म्हणतात, मला कुठं नीट आठवतंय, मी फोटो बघून काहीबाही सांगत होतो."

मी फोन ठेवला आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले. एक रिक्षावाला दोनदा विचारून गेला, कुठं जायचंय.

त्यानंतर आठ दिवस मी मिरजेला गेले नाही. खाई त्याला खवखवे. हात दुखतोय, पाऊस आहे, इलाहीभाई मोकळे नाहीत, सगळी कारणं मीच मला सांगितली. एक विचार फार सोयीचा होता आणि तो सारखा यायचा. नानांना आता दिसत नाही. पद्मजाला कळणार नाही. घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला चमकी डावीकडेच बरोबर वाटणार. म्हणजे जगात कुणाचंच काही अडत नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी पाऊस उघडला, तेव्हा इलाहीभाईंना घेऊन मी गेले. त्यांना वाटेत सगळं सांगितलं. ते म्हणाले, "एवढंच ना? स्क्रू काढायचे, फिरवायची, परत लावायची. अर्ध्या तासाचं काम."

खरंच एवढंच होतं. काच आरपार असते. पालथी बसवली की चित्र सुलटं.

पद्मजाला मी दारातच खोटं सांगितलं. पावसानंतर सांध्यांत भरलेली लांबी, म्हणजे पुट्टी, तपासावी लागते म्हटलं. कसला तरी पिवळसर मसाला मुद्दाम डब्यातून आणलाही होता. ती चहा टाकायला आत गेली. नाना खाटेवर बसून होते, आता मान वळवत नव्हते, सरळ समोर बघत होते. इलाहीभाईंनी स्क्रू काढले. आम्ही दोघांनी खिडकी उचलली, फिरवली आणि परत बसवली. मी बाहेरून पुसली. आत येऊन बघितलं तर एक वेगळीच बाई माझ्याकडे रागानं बघत होती. तेच डोळे, तीच हनुवटी. पण आता चेहऱ्याला वळण आलं होतं. माझ्या शेडमध्ये पाच आठवडे होती ती बाई कधी जन्मालाच आलेली नव्हती.

"लांबी लावायला खिडकी कशाला काढली?" नानांनी विचारलं.

मी फडकं उचललं आणि चौकट पुसायला लागले.

"स्क्रू काढल्याचा आवाज आला मला. आठ स्क्रू. काय करताय, बाई?"

आत चहाच्या भांड्यांचा आवाज येत होता. इलाहीभाई माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "नाना, तुमचं बरोबर होतं."

"काय बरोबर होतं?"

"चमकी. उजवीकडेच होती. फोटो सुलटा होता. तिकडच्या बायका उजवीकडे घालतात, मला ठाऊक नव्हतं. मी तो उलटा केला आणि तुम्हाला खोटं पाडलं. आता फिरवून बसवली."

नानांनी दोन्ही हात मांड्यांवर आपटले. "पद्मे!" ते ओरडले. "पद्मे, बाहेर ये! ऐक बाई काय म्हणतात!" ती धावत आली. "बाई, परत सांगा. हिच्यासमोर सांगा." मी परत सांगितलं. "मिस्त्री, तुम्ही ऐकलंत?" इलाहीभाई म्हणाले, ऐकलं. "मी म्हणत होतो की नाही? म्हणत होतो की नाही! म्हातारा भ्रमला म्हणालात सगळे!" ते हसत होते. गालावर पाणी आलं होतं आणि त्यांना ते पुसायचं सुचत नव्हतं. पद्मजा माझ्याकडे बघत राहिली. माझी मान खाली गेली.

"अहो पण तेव्हाच का नाही सांगितलंत, त्या तिकडच्या म्हणून?" मी विचारलं. माझाच अपराध, आणि वर मीच त्यांना विचारत होते!

"तिकडच्या बायका कुठं घालतात ते मला काय ठाऊक? मी दुसऱ्या कुणाच्या नाकाकडे कशाला बघू?" मग त्यांचा आवाज उतरला. "आणि बाई, सांगण्यासारखं एक होतं माझ्याकडे. ती गेली तेव्हा ती चमकी मीच काढली. ह्या हातानं. फिरकी घट्ट बसली होती, निघेना. डाव्या हातानं कपाळ धरलं आणि उजव्या हातानं... उजवीकडेच होती. हे मी सांगणार होतो त्या दिवशी. तोंडापर्यंत आलं होतं."

"मग?"

"मग तुम्ही म्हणालात की मला फोटो आठवतोय. मला वाटलं, हेही मी फोटोवरून रचलं असेल."

पद्मजा खाटेच्या कडेला बसली. चहा आत उकळून चुलीवर सांडल्याचा वास आला. उठलं कुणीच नाही.

थोड्या वेळानं नाना म्हणाले, "आता नीट बसलीय?"

"बसलीय."

"ऊन आहे?"

"आहे. चांगलं आहे."

त्यांनी तोंड खिडकीकडे केलं. त्यांच्या कपाळावर मोरपंखी पडला होता. ते बराच वेळ तसेच बसले, डोळे उघडे ठेवून. मला वाटलं, त्यांना काहीतरी दिसतंय.

"एक घोटाळा झालाय, बाई."

"काय झालं?"

"चार महिने मी रोज सकाळी इथं बसून मनातल्या मनात तिची चमकी डावीकडे न्यायला शिकत होतो. म्हटलं, मरायच्या आधी बायको तरी नीट आठवावी. आधी जायचीच नाही. हटून बसायची, तिच्यासारखीच. मग मे महिन्यात एक दिवस गेली. त्या दिवशी मी खूश झालो होतो." त्यांनी उजव्या नाकपुडीवर बोट ठेवलं आणि तसंच धरून ठेवलं. "आता ती इकडं येत नाही. मघापासून आणतोय."

"येईल, नाना," मी म्हटलं. "तुम्हाला आठवत होतं ना? मग येईल."

मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, "मी बघून सांगते तुम्हाला. एकेक करून सांगते. कपाळ रुंद आहे. मधोमध भांग. ही भुवई जरा वर. डोळे मोठे, रागावलेले. नाक सरळ, आणि नाकात उजवीकडे—"

नानांनी हात वर करून मला थांबवलं.

"राहू दे, बाई," ते म्हणाले. "तुमचं ऐकून एकदा बदललं मी तिला. आता मला नका सांगू."